रेघ बुजली नाही, पण पेशी थांबल्या होत्या का?

एक औषध कर्करोगाच्या पेशींचं सरकणं, म्हणजे स्थलांतर, रोखतं का हे आम्ही तपासत होतो. त्या दिवशी सकाळी आमच्या लॅबमध्ये सगळे खूश होते, कारण औषधाच्या प्लेटमधली रेघ बुजली नव्हती. आदल्या दिवशी 200 मायक्रोलिटरच्या टिपने पेशींच्या सलग थरावर ओरखडा काढला होता. 24 तासांनी, नुसतं डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्राव) घातलेल्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात, दोन्ही काठ भिडले होते. औषधाच्या वेलमध्ये मधली पट्टी बरीचशी मोकळीच. पेशी होत्या एमडीए-एमबी-231, स्तनाच्या कर्करोगाच्या. पसरण्यात पटाईत.

माझं लक्ष मात्र ट्रान्सवेलकडे, म्हणजे पेशींचं सरकणं मोजायच्या दुसऱ्या चाचणीकडे लागलं होतं. ही पद्धत स्टीफन बॉयडेन यांनी 1962 साली पांढऱ्या पेशींसाठी काढली. वरच्या कप्प्यात सीरमविना (रक्तातल्या पोषक द्रवाविना) पेशी, खाली सीरम, मधे 8 मायक्रॉन छिद्रांचा पडदा. सीरमच्या ओढीने पेशी अंग चोरून छिद्रातून खाली उतरतात. काही तासांनी वर राहिलेल्या पेशी कापसाच्या काडीने हलकेच पुसायच्या (जोर लागला तर पडदा फाटतो) आणि खालच्या बाजूच्या पेशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या. मी पाहिलं, तर औषधाच्या पडद्यावरही कंट्रोलइतकीच (औषध न दिलेल्या पडद्याइतकीच) जांभळी गर्दी!

मग रेघ का बुजली नाही? मला शंका आली ती पेशीविभाजनाची. पेशी सरकल्या तरी फट भरते आणि वाढल्या तरी भरते. 24 तासांत दोन्ही होतं. संध्याकाळी नवी प्लेट लावली. यावेळी विभाजन थांबवायला आधी मायटोमायसिन-सी दिलं, एका वेलमध्ये पेशींची हालचाल थांबवणारं सायटोकॅलेसिन-डी ठेवलं, आणि रात्रभर कॅमेरा चालू ठेवला.

व्हिडिओ पाहताना कोणी बोललं नाही. काठावरची पेशी पंख्यासारखी पातळ कड पुढे पसरते, तळाला धरते, मागची शेपटी ओढून घेते. औषध असो वा नसो, चाल तीच. सायटोकॅलेसिनच्या वेलमधल्या पेशी मात्र जागच्या हलल्या नाहीत, म्हणजे चाचणीत खोट नव्हती.

“मॅडम, औषध फुकट गेलं?” विद्यार्थिनीचा चेहरा उतरला होता.

“नाही गं. विभाजन रोखतंय ना! पण स्थलांतर रोखतं असं लिहायचं नाही.”

कर्करोगातले बहुतेक मृत्यू रोग शरीरभर पसरल्याने होतात. त्यामुळे असा दावा नुसत्या 24 तासांच्या ओरखड्याच्या फोटोवर करणं मला अजिबात मान्य नाही. तिने अहवालाचं शीर्षक बदललं आणि पेशी किती वाढतात हे मोजायची प्लेट लावायला घेतली.