आमची वाटचाल : थिनरच्या ड्रमापासून एस्टरच्या रिअॅक्टरपर्यंत

रबाळे एमआयडीसीतला आमचा गाळा सुरू झाला तो थिनरवर. मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्यांकडून टोल्युइन, अॅसिटोन, ब्युटाइल अॅसिटेट उचलायचं, प्रमाणात मिसळायचं आणि फर्निचर पॉलिशवाल्यांना, स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना पोचवायचं. यात रासायनिक क्रिया काहीच नाही, त्यामुळे कॅटॅलिस्टचा, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाचा, प्रश्नच नव्हता. नफाही जेमतेमच.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर मोठ्या कंपन्यांची रांग होती. नोसिलचा नाफ्था क्रॅकर (नाफ्था तोडून रसायनांचा कच्चा माल काढणारा प्रकल्प) इथलाच होता, आणि तुर्भ्याच्या हर्डिलियात क्युमिन या रसायनापासून फिनॉल-अॅसिटोन निघायचं. अशा कंपन्यांतून निवृत्त झालेले केमिस्ट आसपासच्या छोट्या कारखान्यांना सल्ला देत. आमच्याकडे असेच एक काका आले आणि म्हणाले, "ब्युटाइल अॅसिटेट विकत कशाला घेता? बनवा की."

इथाइल अॅसिटेटच्या वाटेला आम्ही मुद्दामच गेलो नाही. त्याला इथेनॉल लागतं, म्हणजे एक्साइजचे परवाने आले. शिवाय ज्यांची स्वतःची डिस्टिलरी आहे त्यांच्या भावाशी आम्ही कुठे टिकणार? ब्युटाइल अॅसिटेटला लागणाऱ्या ब्युटेनॉलला ती कटकट नाही.

कृती जुनीच. फिशर आणि स्पायर या केमिस्टांनी 1895 साली मांडलेली. अॅसेटिक अॅसिड, अल्कोहोल आणि कॅटॅलिस्ट म्हणून थोडं सल्फ्युरिक अॅसिड एकत्र तापवायचं. 60 किलो अॅसिड आणि 74 किलो ब्युटेनॉलमधून हिशेबाने 116 किलो एस्टर (म्हणजेच आपलं ब्युटाइल अॅसिटेट) आणि 18 किलो पाणी मिळायला हवं. पण बंद भांड्यात साधारण दोन तृतीयांश माल झाला की क्रिया तिथेच अडते, कारण तयार झालेला एस्टर पाण्याशी उलटा फिरू लागतो. कॅटॅलिस्ट दोन्ही दिशांचा वेग सारखाच वाढवतो, त्यामुळे तो त्या टप्प्यापर्यंत लवकर नेतो, पुढे नाही. नवीन ऑपरेटर हमखास विचारतो, "साहेब, सल्फ्युरिक वाढवू का?" माल वाढतो तो पाणी बाहेर काढल्याने.

म्हणून आमच्याकडे सगळ्यांची नजर डिकँटरच्या, म्हणजे थर वेगळे करणाऱ्या भांड्याच्या, काचेवर असते. एस्टर, ब्युटेनॉल आणि पाणी यांची वाफ एकत्रच नव्वद अंशांच्या आसपास वर येते, थंड झाली की दोन थर पडतात. वरचा परत डिस्टिलेशनच्या कॉलममध्ये, खालचं पाणी बाहेर. पाण्याचा थर वाढायचा थांबला की बॅच संपत आली.

सल्फ्युरिकवर आम्ही बरीच वर्षं काढली. स्वस्त आहे, पण तापलं की सेंद्रिय माल जाळतं. रंग पिवळट येतो, आणि पांढऱ्या लॅकरवाला असा ड्रम दारातूनच परत पाठवतो. शेवटी ते सोडा अॅशने मारावं, म्हणजे त्याचं आम्लपण संपवावं लागतं. त्याऐवजी कॉस्टिक सैल हाताने पडलं तर एस्टरच फुटतो. धुतलेलं खारं पाणी सीईटीपीकडे (कारखान्यांच्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे), त्याचा खर्च वेगळा.

त्यावर उपाय सापडला तो रेझिनचा. बारीक मणी, स्टायरीनच्या जाळीचे, आणि आम्लाचा गट त्यांनाच जखडलेला. काम झालं की माल गाळून पुढे जातो, आम्ल मण्यांतच राहतं. किंमत ऐकून आधी आम्ही नाहीच म्हटलं होतं. पण धुण्याचं पाणी आणि सोडा अॅश हिशेबात धरले तेव्हा पटलं. मात्र रेझिनचे नखरे दोन. साधारण 120 अंशांच्या वर ते आपला आम्लगट गमावू लागतं, आणि लोखंडाचा गंज त्याला चालत नाही, कारण लोहाचे आयन मण्यांतल्या आम्लाची जागा बळकावतात. म्हणून रेझिन केटलमध्ये (माल तापवायच्या मुख्य भांड्यात) न टाकता बाजूच्या भांड्यात भरलं, पंपाने द्रव त्यातून फिरवला आणि जुन्या एमएसच्या (साध्या पोलादाच्या) लाइन काढून स्टेनलेस बसवल्या. सगळ्यात मोठा खर्च त्या पायपांचा.

थिनरचं काम अजून आहे, आता त्यात ब्युटाइल अॅसिटेट घरचं पडतं. शाईवाल्यांसाठी पीएम अॅसिटेट या दुसऱ्या एस्टरच्या चाचण्या चालू आहेत. त्याचा उत्कलनबिंदू 146 अंश, म्हणजे रेझिनच्या सोसण्यापलीकडचा. काका म्हणतात व्हॅक्यूम लावा, म्हणजे ते कमी तापमानाला उकळेल. मुलगा म्हणतो, व्हॅक्यूम पंपाचं वीजबिल कोण भरणार? तूर्त छोट्या काचेच्या केटलवर दोन्ही बाजूंचे आकडे काढतोय.