कूलरमधलं बिऱ्हाड

होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर आठवतो. आठ-नऊ महिने खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर ताडपत्री पांघरून बसलेली ती पत्र्याची पेटी एकदम घरातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू होते. जुनी खस काढायची, टाकी घासायची, पंप लावून बघायचा असा बेत ठरतो. कोणीतरी उत्साहाने ताडपत्री ओढतो, बाजूच्या ताटीला, म्हणजे खस भरलेल्या चौकटीला, हिसका देतो आणि तसाच हात झटकत मागे येतो. आत गांधीलमाश्यांचं बिऱ्हाड आलेलं असतं.

त्यांचं तरी काय चुकलं? डोक्यावर छप्पर, पाऊस-वाऱ्यापासून आडोसा, आत शिरायला बोटभर फट आणि महिनोन्‌महिने कोणी हात न लावणारी जागा, एवढंच त्यांना हवं असतं. बंद कूलर या सगळ्यात अव्वल नंबरात पास होतो. त्याच्या मागोमाग सज्ज्याची खालची बाजू, मीटरची पेटी, एसीचं बाहेरचं युनिट, गच्चीवरच्या टाकीचं झाकण. आणि फाटकाच्या लोखंडी पाइपचं उघडं तोंड. ही शेवटची जागा सगळ्यात फसवी, कारण पोळं दिसतच नाही. फाटक आपटलं की ते हादरतं आणि दूधवाल्याच्या मानेला प्रसाद मिळतो.

पोळं रिकामं असेल तेव्हा एकदा डोळ्यांजवळ धरून बघण्यासारखं असतं. जुन्या फळीवरचे, बांबूवरचे तंतू खरवडत गांधीलमाशी मागे मागे सरकते, ते लाळेत कालवते आणि त्या लगद्याच्या भिंती उभ्या करते. प्रत्येक खेपेचं लाकूड वेगळं असल्याने पोळ्यावर राखाडी-तपकिरी पट्टे उमटतात. सगळा डोलारा एका बारीक, काळ्या, चकचकीत देठावर लटकलेला असतो आणि त्या देठाला ती आपल्या पोटाकडचा एक स्राव चोपडत राहते, कारण मुंग्या तो ओलांडत नाहीत. खालून पाहिलं तर उघड्या षट्‌कोनी घरांत कुठे अंडं, कुठे अळी दिसते. काही घरांना पांढरं रेशमी झाकण असतं. ती झाकणवाली घरं लक्षात ठेवावीत. पुढे त्यांच्यामुळेच बऱ्याच जणांचं काम फसतं.

पोळं दिसलं की काठी शोधण्याआधी राहणारं कोण आहे ते बघावं. भिंतीवर मातीचा गोळा किंवा मातीच्या नळ्या असतील तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, घराची राखण करत नाही आणि सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. पकडलेली अळी किंवा कोळी डंखाने लुळा करून ती त्या मातीच्या खोलीत ठेवते, तिथेच अंडं घालते आणि दार लिंपून निघून जाते. कीर्तनात सांगतात ना, अळी भृंगाचा ध्यास घेते आणि शेवटी स्वतःच भृंग होऊन बाहेर पडते. तो दृष्टांत बहुधा या मातीच्या खोलीकडे बघूनच सुचला असावा. आत प्रत्यक्षात काय होतं हे कीर्तनकाराने न सांगितलेलंच बरं. मातीला बाहेरून भोक दिसलं तर पिल्लू केव्हाच उडून गेलंय असं समजून पुट्टीच्या पात्याने माती खरवडावी.

आखूड कमरेची, जाडजूड, तांबूस-तपकिरी किंवा काळी, पोटावर ठसठशीत पिवळा पट्टा असलेली मोठी माशी भिंतीच्या भेगेतून किंवा जमिनीतल्या बिळातून सारखी ये-जा करत असेल, तर प्रकरण वेगळं. त्यांचं पोळं आत मजल्यावर मजले चढवलेलं असतं, बाहेरून किती आहेत याचा अंदाज येत नाही. तिथे साबण, फवारा, शौर्य, सगळं बाजूला ठेवून पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावं. भेग सिमेंटने बुजवून टाकण्याचा मोहही आवरावा. अडकलेल्या माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती वाट कधीकधी घराच्या आतल्या बाजूला निघते. उंच इमारतीला किंवा पिंपळाला लोंबणारं एकसलग मोठं पोळं मात्र आग्या मोहोळ, म्हणजे मधमाश्यांचं. त्याला तर खालून खडाही मारू नये. हंगाम संपला की त्या बहुधा आपण होऊन जातात.

उरली आपली सडपातळ, पिवळट, उडताना लांब पाय खाली सोडणारी नेहमीची गांधीलमाशी. तीसुद्धा दहा-बारा फुटांवर, कोणी फिरकत नाही अशा कोपऱ्यात असेल तर राहू द्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. कढीपत्त्याची आणि लिंबाची पानं फस्त करणारी लिंबू-फुलपाखराची हिरवी अळी असते ना, तशा अळ्या उचलून, चावून, त्यांचा गोळा ती आपल्या पिल्लांना भरवते. संत्र्याच्या मुलखात राहून एवढा उपकार तरी मानायला हरकत नाही. पण दारावर, मुलांच्या हाताच्या अंतरावर किंवा कूलरमध्ये पोळं असेल तर ते काढावंच लागतं.

काढायचं कसं, यावर गल्लीत सल्ल्यांची कमी नसते. “काही नाही होत बे, टेंभा लाव” हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट. वाळलेली खस क्षणात पेट घेते, वरून वायर जात असते, शेजारी पडदा असतो. आणि ज्या माश्या पोळ्यावर नसतात त्या उरतातच. धूर मधमाश्यांना शांत करतो, कारण धूर लागला की त्या साठवलेला मध पोटात भरून घेतात. गांधीलमाशीकडे असा साठाच नसल्याने तो हिशोब इथे लागू होत नाही. राणी तेवढी मारली की झालं, हाही एक समज. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या आपल्याकडच्या गांधीलमाशीचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिच्यात राणी गेली की उरलेल्यांतलीच एक लगेच पुढे होते, सुरुवातीला थोडी दांडगाई करते आणि गादी चालवते.

कूलरचं काम दिवसा फक्त बघायचं. सकाळी ऊन चढल्यावर दहा फुटांवर दहा मिनिटं उभं राहिलं की कोणत्या बाजूच्या फटीतून ये-जा आहे ते कळतं. पोळं बहुतेक वेळा वरच्या पत्र्याला आतून किंवा मोटरच्या मागच्या कोपऱ्यात लटकलेलं असतं. पंखा घराकडे तोंड करून बसलेला असतो, ही गोष्ट इथे फार महत्त्वाची. बाहेरून फवारा मारला की माश्यांना पळायला सगळ्यात मोठं भगदाड म्हणजे पंख्याची जाळी, आणि ती उघडते थेट बेडरूममध्ये. म्हणून दुपारीच, कूलरला धक्का न लावता, आतल्या बाजूने जाळीवर वर्तमानपत्राचे चार थर चिकटपट्टीने लावावेत, कूलरच्या कडेच्या फटी कापडाने बंद कराव्यात. प्लग काढून ठेवावा.

बाकीचं अंधार पडल्यावर, आठच्या पुढे. तोवर बाहेर गेलेल्या परततात आणि अंधारात त्या नीट उडत नाहीत. उडाल्या तर उजेडाकडे येतात, म्हणून टॉर्च हातात धरू नये. त्यावर लाल जिलेटीन कागद बांधून तो बाजूला कट्ट्यावर ठेवावा. लाल उजेड त्यांना फारसा दिसत नाही. अंगात जाड, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँटचे पाय मोज्यात खोचलेले, हातमोजे, डोक्यावर काचेचं हेल्मेट. त्याखाली उन्हासाठी गुंडाळतो तसा दुपट्टा गळ्यापर्यंत घट्ट. हे गुंडाळणं नागपूरकराला शिकवावं लागत नाही. स्टूल किंवा शिडी नको. डंख बसला की माणूस उडी मारतोच, आणि मग माशीपेक्षा फरशी जास्त लागते. कूलर वरच्या मजल्यावर असेल आणि खिडकीबाहेर वाकल्याशिवाय हात पोचत नसेल, तर हे काम आपलं नव्हे.

औषध म्हणजे १ लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे २ मोठे चमचे. साबणामुळे पाणी माशीच्या तेलकट अंगावरून ओघळून न जाता पसरतं आणि तिच्या श्वासाची छिद्रं बुजतात. चार-पाच चमचे घालून जोर वाढत नाही, फक्त फेस होऊन नोझल तुंबतं. कुंड्यांसाठीचा २ लिटरचा पंप चालतो, पण नोझल फिरवून धार सरळ करून घ्यावी आणि ती आधी भिंतीवर मारून बघावी. बहुतेकांचं इथेच चुकतं. नोझल धुक्यावर असतं, तुषार पोळ्यावर नुसते भुरभुरतात, माश्या भिजत नाहीत, चिडतात मात्र सगळ्या. ज्या फटीतून ये-जा दिसली होती तिच्यातून वर, पोळ्याच्या दिशेने, न थांबता धार मारायची. पोळं चिंब झालं, खाली पडलेल्यांवरही एकदा फिरवलं की पंप खाली ठेवून, पळत न सुटता, मागे यायचं.

झुरळांचा किंवा डासांचा स्प्रे सज्ज्याखालच्या पोळ्याला चालतो, तोही ४-५ फुटांवरून, जवळ ज्योत नसताना. कूलरमध्ये मात्र नाहीच. ते औषध खशीत आणि पत्र्याला बसतं आणि मग एप्रिलभर पंखा तीच हवा घरात ओढतो. पाळलेल्या माशांच्या टाकीजवळही हा स्प्रे मारू नये; या औषधांनी मासे पटकन मरतात.

सकाळी हालचाल नाही याची खात्री करून ताटी काढावी, देठाशी पातं घालून पोळं सोडवावं आणि साबणाच्या बादलीत दिवसभर दगडाखाली बुडवून ठेवावं. झाकणवाली घरं इथे आठवायची. आतल्या कोषांपर्यंत ना धार पोचते ना स्प्रे. पोळं तसंच लटकत ठेवलं किंवा उघड्या डब्यात टाकलं तर नंतर त्यातून ताज्या दमाच्या माश्या बाहेर येतात आणि ‘औषध बेकार होतं’ असा निकाल लागतो. जिथे देठ चिकटला होता ती जागा घासून धुवावी, पुसून तिथे तेलाचा हात फिरवावा. रात्री बाहेर राहिलेल्या चार-दोन माश्या पुढचे एक-दोन दिवस त्या रिकाम्या जागेभोवती घुटमळतात. त्यांच्यामागे झाडू घेऊन धावू नये. राखायला पोळं नसलं की त्या सहसा अंगावर येत नाहीत.

तरीही डंख बसलाच, तर आधी तिथून दूर व्हावं. विषाच्या वासाने बाकीच्याही चवताळतात, आणि गांधीलमाशीचा काटा मधमाशीसारखा मागे राहत नाही, त्यामुळे तीच पुन्हा डसू शकते. बोटावर असेल तर अंगठी ताबडतोब काढावी; सुजल्यावर ती कापावी लागते. साबणाने धुवून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरावा. लोखंड घासल्याने घासणाऱ्याला समाधान मिळतं, बाकी काही नाही. चुना मात्र लावू नये, त्याने कातडी पोळते. अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, चक्कर आली, तर घरगुती इलाज करत बसायचं नाही. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने मेयो, मेडिकल ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, त्यातलं जे जवळ असेल ते गाठायचं. पुष्कळ डंख बसले असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवावं, कारण मोठ्या माश्यांच्या विषाने मूत्रपिंडावर उशिरा परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत.

पुढच्या वर्षी हा खटाटोप नको असेल तर पावसाळ्यात कूलर बंद करतानाच जुनी खस काढून टाकावी आणि तिन्ही ताट्यांवर मच्छरदाणीची जाळी ताणून बांधावी. नुसती ताडपत्री पुरत नाही, खालून ती उघडीच असते. फाटकाच्या पाइपांची तोंडं एम-सीलने बुजवावीत, अर्थात आत कोणी नाही हे बघून. थंडी सरली की दर आठवड्याला एकदा सज्जे, ग्रिल, मीटरपेटी नजरेखालून घालावी. नाण्याएवढं, पाच-सहा घरांचं पोळं आणि त्यावर एकटीदुकटी माशी, या अवस्थेत जळमटं काढायच्या लांब झाडूने संध्याकाळी काम भागतं.

आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला की, चालू कूलरच्या ओल्या खशीवर येऊन बसणाऱ्या गांधीलमाश्या बघून घाबरू नये. तिथे त्या पोळं बांधायला आलेल्या नसतात. पाण्याचे थेंब नेऊन त्या आपलं पोळं गार करतात, वर पंखांनी वाराही घालतात. ये-जा फारच वाढली तर अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात, सावलीत, मातीचं परळ ठेवावं. त्यात बुडू नयेत म्हणून खडे घालावेत आणि कूलरची गळती बंद करावी, म्हणजे काही दिवसांत बऱ्याचशा तिकडे वळतात. परळातलं पाणी रोज ओतून नवीन भरावं, नाहीतर त्यात डास होतात.