लाईट गेली की सोलर पण बंद पडतं, हे सही घ्यायच्या आधी सांगा की

मी बेळगावात सोलर बसवणाऱ्या एका छोट्या फर्मकडं साईट सर्वेचं काम करतो. घरी जायचं, छत बघायचं, सावली कुठून पडते ते बघायचं, लाईट बिल मागून घ्यायचं आणि मग किती किलोवॅट लागेल ते सांगायचं. हिंडलगा, उचगाव, येळ्ळूर, कडोली, खाली खानापूर, वर निपाणीपर्यंत फिरणं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये घरच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून फोन भरपूर यायला लागले आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, सबसिडी किती आणि हप्ता किती बसेल. वीज कशासाठी पाहिजे हे आपणहून कोणी सांगत नाही, ते आपल्यालाच विचारून काढावं लागतं, आणि माझ्या मते सर्वे म्हणजे तेच, छताची मापं टेप घेऊन कोण पण काढेल.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, दिवाळीच्या थोडं आधी खानापूरच्या पुढं जांबोटी रोडला एका गावात गेलो होतो. आदल्या रात्री परतीच्या पावसानं चांगलंच झोडपलं होतं, सकाळी मात्र लख्ख ऊन. घर जुनं, पुढं कौलं, मागं चार वर्षांपूर्वी घातलेला स्लॅब. घरात आजी, तिची सून आणि शाळेला जाणारी नात. मुलगा गोव्याला फार्मा कंपनीत, महिन्यातनं एकदा येतो. फोन त्यानंच केला होता, "दादा, दुसऱ्या एकाचं कोटेशन आलंय, सही करायच्या आधी तुम्ही एकदा बघून जावा."

कोटेशन बघितलं. ३ किलोवॅट ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या लाईनला जोडलेलं सोलर, किंमत दोन लाख, खाली मोठ्या अक्षरात 'सबसिडी वजा जाता फक्त १,२२,०००', त्याच्या खाली 'शून्य डाऊन पेमेंट, महिना ५,६६७ रुपये, ४८ हप्ते'. आणि पेनानं लिहिलेलं, 'लाईट जाण्याची कटकट कायमची बंद'.

आधी हप्त्याचं सांगतो. ५,६६७ गुणिले ४८ केलं की २,७२,००० होतात, म्हणजे लोन पूर्ण दोन लाखाचं, १,२२,००० चं नाहीच. व्याज '९ टक्के फ्लॅट' लिहिलेलं, माणसाला वाटतं नऊच टक्के, पण फ्लॅटमध्ये तुम्ही मुद्दल फेडत आला तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या दोन लाखावरच लागतं, त्यामुळं उतरत्या शिलकीवर हिशोब केला तर ते सोळा टक्क्यांच्या घरात जातं. पीएम सूर्यघर योजनेतच सरकारी बँका ३ किलोवॅटपर्यंत दोन लाखाचं लोन काही तारण न घेता देतात, दहा वर्षांपर्यंत मुदत, दहा टक्के आपण भरायचे, व्याज रेपो रेटला जोडलेलं, तेव्हा सहा टक्क्यांच्या आसपास चाललेलं. दोन लाखाच्या कामाला वीस हजार आपले, १,८०,००० लोन, हप्ता साधारण दोन हजार. सबसिडी ग्राहकाच्या खात्यात येते तीसुद्धा सिस्टीम चालू होऊन तपासणी झाल्यावर, ती आली की सरळ लोनमध्ये भरून टाकायची म्हणजे बोजा तिथंच हलका होतो. आणि त्या कोटेशनमध्ये पॅनलवर जीएसटी अजून १२ टक्केच लावलेला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ झालाय हे त्या गड्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मग बिल मागितलं. सुनेनं गेल्या वर्षभराची बिलं पिशवीतनं काढली, सगळी नीट लावून ठेवलेली. आधीची शून्याची. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं आपल्याकडं २०२३ पासून बऱ्याच घरांचं असंच आहे, २०२२-२३ च्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून जेवढे युनिट होतात तेवढे फुकट, पण महिन्याला २०० च्या वर गेला की सगळं बिल भरायचं. शून्य बिलवाला माणूस सोलर पाहिजे म्हणून आला तर मी सरळ सांगतो, आत्ता घेऊ नका, वाचवायला तुमच्याकडं बिलच नाही. मालकाला हे फार आवडत नाही पण मी तरी सांगतोच.

इथं मात्र अलीकडची बिलं दोन हजाराच्या आसपास, अडीचशेच्या वर युनिट. मी म्हटलं, काकू, एसी बसवलाय काय? ती म्हणाली, "एसी कुठला दादा, सासूबाईंचं मशीन हाय की."

आत गेलो. आजी खाटेवर उशीला टेकून बसलेल्या, नाकात नळी, बाजूला पाच लिटरचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतनं ऑक्सिजन वेगळा काढून देणारं विजेवरचं मशीन. आयुष्यभर चुलीपुढं फुंकणी घेऊन बसल्यानं फुप्फुसं गेली असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. मशीनच्या मागच्या लेबलवर ३५० वॅट. रात्रभर आणि दिवसातनं पण बरेच तास लावावं लागतं, सोळा तास धरले तर रोजचे साडेपाच युनिट, महिन्याचे १६५-१७०. घराचे जुने ८०-९० त्यात मिळवले की २०० ची रेघ ओलांडली, आणि म्हणून सगळं बिल अंगावर आलं. आजारपण एका बाजूनं आणि बिल दुसऱ्या बाजूनं, आणि याबद्दल कोटेशन देणाऱ्यानं एक अक्षर विचारलेलं नव्हतं, तो आतल्या खोलीत आलाच नव्हता.

मी लेबलचा फोटो काढत होतो आणि लाईट गेली.

मशीनचा आवाज थांबला आणि लगेच अलार्म सुरू झाला, एकसारखा कर्कश. आजींनी डोळे उघडले पण काही बोलल्या नाहीत, एक हात तेवढा उचलला. सून स्वयंपाकघरातनं धावत आली, कोपऱ्यातल्या सिलिंडरची चावी फडक्यात गुंडाळून खाटेच्या दांड्याला बांधलेली होती, ती सोडली, व्हॉल्व्हला लावून अर्धा फेरा फिरवली, फ्लोमीटरची गोळी वर आली, बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे दिसले तसं तिनं मशीनची नळी काढून सिलिंडरला जोडली. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं ते छोटं यंत्र नातीनं आणून आजीच्या बोटाला लावलं. ९१ असायचं ते ८५ वर आलेलं, मग हळूहळू ८८, ८९. नात मोठ्यानं आकडे वाचत होती आणि सून बघत पण नव्हती, नुसतं ऐकत होती. मला त्यांच्यात मदत करण्यासारखं काही नव्हतं, मी बाजूला सरून उभा राहिलो. सिलिंडर भरायला खानापूर नाहीतर बेळगाव गाठावं लागतं आणि पावसाळ्यात ह्या भागात झाडाची फांदी तारेवर पडून लाईट जाणं नेहमीचंच, रात्र रात्र जाते. सुनेनं सांगितलं, "ह्यासाठीच तर सोलर घेऊलाव दादा. लाईट गेली तरी मशीन चालू ऱ्हाईल म्हणून सांगितलंय त्यानं."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

ऑन-ग्रिड सोलर लाईट गेली की बंद पडतं. ऊन कितीही असू दे. त्यातला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरायच्या विजेत बदलणारा डबा, बाहेरच्या लाईनचं व्होल्टेज बघून चालतो, लाईन मेली की त्यानं स्वतःहून थांबलंच पाहिजे असा नियम आहे, नाहीतर आपल्या छतावरची वीज उलटी तारेत जाईल आणि लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेला माणूस मरेल. ते बरोबरच आहे. पण मग ते घेणाऱ्याला सांगायला नको काय?

नुसतं सांगून पटणार नाही असं मला वाटलं. चार घरं सोडून एकाकडं मागच्या वर्षी ३ किलोवॅट बसलेलं मी येतानाच बघितलं होतं. आजींचं जरा स्थिर झालं, नात जवळ बसली, मग सुनेला म्हटलं काकू, पाच मिनिटं माझ्याबरोबर या. मुलाला व्हिडिओ कॉल लावला. दुपारचे साडेबारा, छतावर पॅनल असे तळपत होते की हात लावला तर भाजावा. जिन्याखाली भिंतीवर इन्व्हर्टर, त्यावर लाल दिवा आणि स्क्रीनवर नो ग्रिड, म्हणजे बाहेरची लाईन नाही. त्या घरचे काका म्हणाले, "लाईट गेली की हे पण जातंय हो, आम्हाला पण बसवल्यावरच कळलं." त्यांची तक्रार नाही, त्यांना बिल कमी करायचं होतं ते झालं. पण सून त्या लाल दिव्याकडं बघत राहिली, एकदा वर उन्हाकडं बघितलं, आणि फोनवर नवऱ्याला म्हणाली, "मग आपण दोन लाख कशाला घालालाव?"

थोड्या वेळानं लाईनमननं पडलेली फांदी तोडून लाईन जोडली, लाईट आली. इन्व्हर्टर तरी पण लगेच चालू होत नाही, लाईन नीट आहे का बघत काही वेळ थांबतो, ते पण मी मुलाला कॉलवर दाखवलं.

मग परत घरी येऊन बसलो आणि गरजा वेगवेगळ्या केल्या. मशीन चालू राहणं ही एक गरज, ती आजची, तिला थांबायला वेळ नाही. बिल कमी करणं ही दुसरी, ती दोन महिने उशिरा झाली तरी चालतं. पहिलीसाठी सोलर लागतच नाही, साधा घरगुती बॅटरीवाला इन्व्हर्टर पाहिजे पण प्युअर साईन वेव्हचा, म्हणजे बाहेरच्या लाईनसारखीच वीज देणारा, स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह अशा मशीनला लावायचा नाही. १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, ३५० वॅटवर पाच-सहा तास धरून चाला, बॅटरी जुनी झाली की कमी. खर्च पन्नास हजाराच्या आत-बाहेर. मुलाचा बोनस यायचा होता, त्यानं त्यातनं घेतो म्हटलं. हायब्रिड सोलर आणि लिथियम बॅटरी हा पर्याय पण सांगितला, ते एकाच सिस्टीममध्ये दोन्ही करतं, पण बॅटरीचा खर्च वर चढतो आणि सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवरच मिळते, बॅटरीवर काही नाही. एवढं कर्ज त्यांच्या पगारात मला नको वाटलं. आणि काही घेतलं तरी भरलेला सिलिंडर घरात उभा पाहिजेच, हे मी सुनेला सांगायची गरजच नव्हती.

सोलरला २ किलोवॅट बास. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, म्हणजे दोन किलोवॅटचे महिन्याला २४० च्या आसपास, जांबोटी पट्ट्यात आषाढ-श्रावणात ते बरंच खाली येणार पण उन्हाळ्यात भरून निघतं. सबसिडी २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० प्रमाणं ६०,०००, तिसऱ्याला १८,००० म्हणून ३ किलोवॅटला ७८,०००. ७८ चा आकडा मोठा दिसतो म्हणून सगळे ३ विकायला बघतात, पण तिसरा किलोवॅट ह्या घराला लागत नाही. स्लॅबवर फणसाची सावली तीननंतर एका कोपऱ्यात येते, त्या गड्यानं झाड तोडायला सांगितलं होतं, दोन किलोवॅट त्या कोपऱ्याला न शिवता बसतं. फणस राहिला.

पैशाचे बाकी मार्ग पण निघाले. मुलगा म्हणाला बेळगावच्या सोसायटीत शेअर आहे, तिथनं पटकन मिळेल, पण सोसायटीचं व्याज बँकेच्या दुप्पट पडतं. सून दागिने ठेवूया म्हणाली, मी म्हटलं काकू, घरात आजारी माणूस आहे, सोनं हातात राहू दे, रात्री-अपरात्री दवाखान्याला तेच उपयोगी पडतं. बँकेचं लोन सगळ्यात बरं, फक्त तिथं एक गाठ होती. मीटर अजून आजोबांच्या नावावर, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. योजनेच्या पोर्टलवर अर्ज आरआर नंबरवर, म्हणजे बिलावरच्या ग्राहक नंबरवर होतो आणि नाव बिलावरचंच लागतं, सबसिडी पण त्याच नावाच्या खात्यात. आपल्या भागात दहातल्या कितीतरी घरांत मीटर गेलेल्या माणसाच्या नावावर असतं, आणि वेंडर लोक 'नंतर बघू' म्हणून पॅनल चढवून मोकळे होतात, मग सबसिडी अडकते आणि हप्ता मात्र सुरू. म्हणून आधी मृत्यूचा दाखला, घराचा उतारा, बाकी वारसांची संमती घेऊन हेस्कॉम, म्हणजे आपल्या वीज कंपनीच्या ऑफिसात नाव बदलून घ्यायचं, मग पोर्टल, मग बँक. उताऱ्यावर नाव कोणाचं ते पण तेव्हाच काढून बघितलं, सुदैवानं ते मुलाच्या नावावर चढलेलं होतं.

दुसऱ्या वेंडरला मुलानं फोन करून नको म्हणून कळवलं. त्याचा मला फोन आला, तू आमचं गिऱ्हाईक फोडलंस म्हणून. मी त्याला एवढंच विचारलं की आत खाटेवर कोण आहे ते बघितलं होतंस काय. त्यानं ठेवून दिला. मला आजपण त्याचा राग आहे. बिलाचा हिशोब चुकला तर माणूस पैशानं बुडतो, तेवढं सोसता येतं, पण त्या पेनानं लिहिलेल्या एका ओळीच्या भरवशावर सुनेनं सिलिंडर परत केला असता तर? ती तसं बोलली पण होती, सोलर झालं की सिलिंडरचं भाडं वाचेल.

आमच्या फर्मच्या कोटेशनवर आता पहिल्याच पानावर मराठी आणि कन्नड दोन्हीत छापलेलं असतं की ही सिस्टीम लाईट गेल्यावर बंद राहील. मालकानं आधी नको म्हटलं, गिऱ्हाईक बिचकेल म्हणाले. खानापूरची हकीकत सांगितल्यावर ऐकलं. सर्वेच्या फॉर्मवर पण एक रकाना वाढवलाय, घरात ऑक्सिजन मशीन, नेब्युलायझर, फ्रीजमध्ये इन्सुलिन असं काही आहे काय.

बॅटरीवाला इन्व्हर्टर दिवाळीच्या आधी बसला. वायरिंग करताना मी स्वतः थांबलो होतो, त्यावर फक्त मशीनचा सॉकेट, आजींच्या खोलीतला पंखा आणि एक बल्ब. मुलगा टीव्ही पण जोडूया म्हणत होता, मी जोडू दिला नाही. नावाचं काम त्यानंतर झालं, पोर्टलवर अर्ज गेला, बँकेनं लोन मंजूर केलं, आता पॅनल चढलेत आणि घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज दोन्ही मोजणारा नेट मीटर पण बसलाय. सोलरची वायर मेनच्या बाजूला जोडलीय, घरच्या इन्व्हर्टरच्या आऊटपुटला नाही, हे इलेक्ट्रिशियनला दोनदा सांगून आणि मग स्वतः बघून आलोय, कारण उलटं जोडलं तर इन्व्हर्टर जळू शकतात. सबसिडी यायची आहे, ती आली की सरळ लोनच्या खात्यात भरायची असं सुनेनं बिलांच्या पिशवीवरच लिहून ठेवलंय.