आईच्या हाताच्या मुंग्या

‘हाताला मुंग्या येतात गं,’ आई फोनवर म्हणाली. तिला बारा वर्षं साखर आहे, त्यामुळे मी डोंबिवलीत बसल्या जागी निदान करून मोकळी झाले आणि बी-बाराच्या गोळ्या कुरिअर केल्या. दीड महिना तिने त्या इमानेइतबारे घेतल्या. मे २०२२ मध्ये मी दापोलीकडच्या आमच्या घरी गेले. पहिल्याच दुपारी न्हाणीत अनवाणी उभी राहून नळ सोडला आणि माझ्याही हाताला मुंग्या आल्या.

‘हेच ते,’ आई म्हणाली. ‘मी म्हणत नव्हते?’

नळाला हात लावल्यावर येतात, एवढं तेवढं सांगायचं राहिलं होतं. तिच्या मते ते उघडच होतं. काम करायला येणाऱ्या ताई स्लीपर घालून नळ सोडायच्या, आई पदर गुंडाळून सोडायची. घरातल्या बायका अशी कुठलीही गोष्ट सहज अंगवळणी पाडून घेतात, त्यात आमचं घर काही वेगळं नाही.

घर जांभ्याच्या चिऱ्याचं, कौलारू, वर माळा. वीज आली १९७६ साली. तेव्हाची लाकडी पट्टीवरची वायर माजघरात आणि पडवीत अजून होती. काळ्या रबराची ती वायर चिमटीत धरली तर रबर भुग्यासारखं गळायचं. मीटरखाली चिनीमातीचे दोन फ्यूज. त्यांतल्या एकात फ्यूजची तार नव्हतीच, तांब्याचे चार-पाच पीळ घातलेले होते. म्हणजे घर पेटलं असतं, पण फ्यूज उडाला नसता.

मे महिन्यात कोकणात इलेक्ट्रिशियन मिळवणं सोपं नाही. चाकरमानी आलेले असतात, लग्नं असतात, मांडवांचं लायटिंग असतं. चार फोन, तीन ‘उद्या सकाळी नक्की’ झाल्यावर तालुक्याहून एकजण आला. बोर्डाकडे पाहिलं, मान हलवली आणि आकडा सांगितला: एक लाख पंचेचाळीस हजार, सगळं कन्सील्ड, म्हणजे वायरी भिंतीच्या आतून. माळ्यावर चढला नाही, नळाला टेस्टर लावला नाही. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीत झिऱ्या कशा पाडणार, असं विचारलं तर म्हणाला, ‘पडतात हो ताई.’

मी म्हटलं, तूर्त शॉक तरी थांबवा. त्याने मेनजवळ आरसीसीबी बसवला, म्हणजे वीज कुठे गळाली की आपोआप पडून लाइन तोडणारा स्विच. आपण ज्याला सवयीने ईएलसीबी म्हणतो, तोच. अगदी योग्य काम केलं होतं त्याने. सकाळ होती, सगळं नीट चाललं. दुपारी जेवणं झाली आणि तो खटकन पडला. वर केला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर तो म्हणाला, ‘जुन्या वायरिंगला हे चालत नाही, लोड घेत नाही.’ आरसीसीबी काढून त्याने लाइन डायरेक्ट जोडली. लाईट आली म्हणून मला हायसं वाटलं. मी त्याला पाचशे रुपये दिले, वर कोकम सरबतही दिलं. आजही आठवलं की स्वतःचा राग येतो.

मग शेजारचा मुलगा आला. त्याने गीझर सोडवून ठेवला, दोन-तीन जोडांना नवी टेप गुंडाळली. मुंग्या होत्या तशाच. जाता जाता तो पडवीतल्या पंख्याकडे बघून म्हणाला, ‘गेल्या वर्षी याचा कंडेन्सर बदलला होता मी, तरी हळूच चालतो बघा.’ मी लक्ष दिलं नाही. पंखा हा माझा प्रश्न नव्हता.

तिसरे आले ते काका वीज बोर्डातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले. वीज मंडळाच्या कंपन्या २००५ मध्येच झाल्या, पण आमच्याकडे अजून सगळे बोर्डच म्हणतात. स्कूटरवर एक पिशवी: होल्डरला दोन वायरी लावलेला टेस्ट लॅम्प, टेस्टर, मल्टिमीटर आणि कातडी पेटीत हाताने फिरवायचा मेगर, वायरीवरचं आवरण शाबूत आहे का ते मोजणारा. स्विचच्या बोर्डाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. न्हाणीच्या उंबऱ्यावर उकिडवे बसले आणि आईला विचारू लागले. कधीपासून? रोज? पायांत काय असतं? सकाळी जास्त की दुपारी?

‘दुपारी,’ आई म्हणाली. ‘आणि पावसाळ्यात नसतंच.’

हे ऐकून मी चक्रावले. शॉक पावसात जास्त लागायला हवा ना? काका मात्र एकदम खूश झाले. नळाला टेस्टर लावला, तो पेटला नाही. मग त्यांनी विचारलं, ‘वहिनी, दुपारी घरात काय चालू असतं?’

‘काही नाही. मी पडवीत आडवी होते. पंखा असतो.’

काकांनी मला पंखा लावायला सांगितलं. मी बटण दाबलं आणि न्हाणीतून त्यांचा आवाज आला, ‘पेटला!’ बंद केला, विझला. पुन्हा लावला, पेटला. पडवीतला पंखा आणि न्हाणीतला नळ यांच्या मध्ये दोन खोल्या आणि एक बोळ.

पंख्याचा बोर्ड उघडल्यावर उलगडा झाला. पंख्याला वीज आणणारी फेजची वायर बोर्डातून होती, पण वीज परत नेणारी न्यूट्रलची वायर वर माळ्यावर उंदरांनी केव्हाच तोडली होती. ती शोधण्याऐवजी कोणीतरी पंख्याची दुसरी वायर भिंतीतून बाहेर काढून पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधली होती. म्हणजे आमचा पंखा इतकी वर्षं न्यूट्रलवर नाही, अर्थवर, म्हणजे जमिनीवर, फिरत होता. खेड्यापाड्यांत हा प्रकार नवा नाही. तारेवर घट्ट गुंडाळलेली सुतळी आणि तिची दुहेरी गाठ मी ओळखली. घरात तशी गाठ फक्त बाबा मारायचे. आईनेही ओळखली असणार. ती आत चहा ठेवायला गेली.

मग इतकी वर्षं कोणाला शॉक का लागला नाही? कारण तो लोखंडी पाइप घरापासून साठेक फूट जमिनीतून जाऊन थेट विहिरीच्या पाण्यात उतरत होता. त्याहून चांगलं अर्थिंग मुद्दाम करूनही झालं नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात फणस आडवा झाला आणि पाइप तुटला. दापोली-मंडणगडात तेव्हा खांबच्या खांब झोपले होते, वीज यायलाच कितीतरी दिवस लागले. पाइपची कोणाला पर्वा? नंतर विहिरीपासून काळा प्लास्टिकचा पाइप टाकून घेतला आणि घराजवळचा आठ-दहा फुटांचा लोखंडी तुकडा तसाच राहिला. आता पंख्याची सगळी वीज त्या तुकड्यातून जमिनीत शिरायला बघत होती. पावसाळ्यात माती ओली, त्यामुळे ती बऱ्यापैकी शिरायची. मेमध्ये जांभा हाडासारखा कोरडा. वीज जमिनीत नीट जाईना, म्हणून पाइपवरच व्होल्टेज चढून राही. काकांनी पंखा चालू ठेवून नळ आणि मेनचा न्यूट्रल यांच्यात मीटर धरला, तेव्हा ८४ व्होल्ट दाखवले. पंखा हळू का फिरतो तेही कळलं: त्याच्या वाट्याला पूर्ण २३० व्होल्ट येतच नव्हते.

मी भीतभीत आरसीसीबीची गोष्ट सांगितली. काका हसले नाहीत. म्हणाले, ‘तो फेजने गेलेली वीज आणि न्यूट्रलने परत आलेली वीज तोलून बघतो. तीस मिलीअँपिअरचा फरक दिसला की पडतो. तुमचा पंखा तीनशेच्या आसपास घेत असेल आणि परत काहीच देत नव्हता.’ म्हणजे त्या डबीने पहिल्याच दुपारी सगळं खरं सांगून टाकलं होतं, आणि आम्ही तिलाच खोटं ठरवून काढून टाकली.

पंखा तेव्हाच सोडवला, मुंग्या थांबल्या. खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि हातात पावसाआधीचे दहा-बारा दिवस होते. मेन बंद करून, सगळे बल्ब काढून, प्लग उपसून काकांनी प्रत्येक लाइनला ५०० व्होल्टचा मेगर लावला. स्वयंपाकघरातलं पीव्हीसी पट्टीतलं काम नव्वदच्या दशकातलं, ते उत्तम निघालं, दहा मेगाओहमच्या वर. ‘याला हात लावायचा नाही,’ काका म्हणाले. पडवीची लाइन जेमतेम अर्धा मेगाओहम. माजघरात काटा शून्यावरून हललाच नाही: गळक्या कौलाखाली सोललेली वायर ओल्या भिंतीला टेकली होती. किमान एक मेगाओहम तरी हवा, त्याखालचं सगळं उतरवायचं ठरलं. एक लाख पंचेचाळीस हजारांतलं निम्मं घर इथेच वाचलं.

पॉइंटमागे दर त्यांनी घेतला नाही. ‘जुन्या घरात एका पॉइंटला अर्धा तास लागतो, एकाला अख्खा दिवस. कोणीतरी फसणारच.’ त्यांची रोजी नऊशे, मदतनीसाची पाचशे. वायर मी स्वतः आणली, आयएसआय मार्कची तांब्याची: दिव्या-पंख्यांना दीड एमएम, पॉवर प्लगला अडीच, मीटरपासून बोर्डापर्यंत चार. फ्यूज जाऊन एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारे स्विच, आले, कारण आरसीसीबी गळती ओळखतो, जास्तीचा लोड नाही. भिंती फोडल्या नाहीत, सगळं पट्टीतून बाहेरूनच. दिसायला मध्यम, पण उद्या काही झालं तर उघडून बघता येतं.

अर्थिंगचा खड्डा ही खरी मेहनत होती. जांभ्यात पहार घालताना मदतनीस दोनदा काम सोडून निघाला होता. जागा आईने सुचवली: मोरीचं पाणी जिथे केळीला जातं तिथे, कारण ती माती बारमाही ओली. पाइप, भोवती कोळसा-मीठ. एका खड्ड्याने भागेना, म्हणून पाच पावलांवर दुसरा काढून दोन्ही जोडले. मग कुठे ऐन मेमध्ये अर्थिंगचा रोध सात ओहमपर्यंत खाली आला.

आमचं एकच भांडण झालं. काकांना जोड पीळ मारून टेप लावण्याची जन्माची सवय, मला प्रत्येक जोड डबीत, कनेक्टरमध्ये हवा होता. दोन दिवस ते माझ्याशी फक्त मदतनीसामार्फत बोलले. जोड शेवटी डब्यांत गेले.

मंजूर लोडही वाढवून घ्यायचा होता. त्यासाठी परवानाधारक ठेकेदाराच्या सहीशिक्क्याचा टेस्ट रिपोर्ट जोडला. काकांनी ओळखीचा ठेकेदार बोलावला, आणि त्याने सही करण्याआधी खरंच मेगर फिरवून पाहिला, हे मला आवडलं. खांबापासून मीटरपर्यंतच्या भागाला आणि सीलला आपण हात लावायचा नसतो. तिथला एक सैल जोड काकांना दिसला होता, पण त्यांनी मला वीज कंपनीच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवायला लावली. आयुष्यभर तेच काम केलेला माणूस खाली खुर्ची टाकून दुसऱ्याला ते करताना बघत बसला. खर्च एकूण एकावन्न हजार झाला.

एक चूक झालीच. सगळ्या घराला मी एकच आरसीसीबी ठेवला. फ्रिजला वेगळा लावा, असं काका सुचवत होते, तर मी पैसे वाचवले. जुलैत आई दोन दिवस चिपळूणला गेली होती तेव्हा विजा झाल्या आणि तो पडला. फ्रीजरमधला वर्षभराचा आमरस गेला. गणपतीला गेले तेव्हा दुसरा बसवून घेतला, पण आमरसाचा विषय अजून निघतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला आई आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबते आणि पडल्याचा आवाज मला फोनवर ऐकवते.

बी-बाराच्या गोळ्या तिने सोडलेल्या नाहीत. मुंग्या त्यानेच गेल्या, असं ती शेजारी सांगते.