गुरुवार दुपार, अर्धं शटर

पुण्यातल्या पेठेतली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, यावर विनोद करून लोक थकले. आमच्या लोकरीच्या दुकानाचं शटर मात्र गुरुवारी त्या वेळात कमरेएवढं उघडं असतं. वाकून आत शिरायचं. मागच्या बोळातून नीट दार आहे, पण तिकडून येणं म्हणजे गुडघे गेले हे कबूल करणं, म्हणून सगळ्याजणी वाकतात.

आत सतरंजीवर गोधडीवाल्या, खुर्च्यांवर विणकामवाल्या. एकमेकींबद्दल मत फारसं बरं नाही. आम्ही म्हणतो, धावदोरा काय, कुणीही घालेल. त्या म्हणतात, तुमचं बरंय, चुकलं की उसवायचं.

मी खुर्चीवाली. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ आजी 1962 साली, चीनच्या लढाईत घरोघरी जवानांसाठी स्वेटर विणत होते तेव्हा शिकल्या. अजून त्या सुयांकडे बघत नाहीत, शटरखालून कोण येतंय ते बघतात आणि दोन सुलट-दोन उलट आपोआप चाललेलं असतं.

मध्यंतरी हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी आली. अमेरिकेतला व्हिडिओ बघून भाच्यासाठी स्वेटर विणला होता, सगळं बरहुकूम, 8 नंबरच्या सुयांवर. झाला मोज्यासारखा घट्ट. दुकानदारीणकाकूंनी सुई हातात घेतली आणि हसल्या. आपल्याकडे जुनी इंग्रजी मापं चालतात, नंबर वाढला की सुई बारीक. तिकडे नंबर वाढला की जाड. आपली 8 नंबर 4 मिलिमीटरची, त्यांची 5. "मग हे सांगत का नाहीत कुणी?" "मिलिमीटर लिहिलेत की गं पाकिटावर." आता तो स्वेटर धाकट्या भाचीला गेला आणि भाच्यासाठी 6 नंबरवर नवे टाके घातलेत.

काकूंचा दुसरा हट्ट म्हणजे स्वेटरची लोकर एकदम न्या. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, गळ्यात मारतायत. (मारतातही, दुकान आहे शेवटी.) पण महिन्याने तोच डाळिंबी रंग मागितलात तर लॉट वेगळा येतो, आणि उन्हात उभं राहिलं की एक बाही निराळी दिसते. म्हणून पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून घ्यायचा. बाकी जिला आपण लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिक, मेंढीचा काही संबंध नाही. पुण्याच्या थंडीला तेवढी पुरते.

सध्या खरी मजा सतरंजीवर आहे. साताऱ्याकडच्या एक मावशी सासूची जुनी लुगडी घेऊन येतात. त्या गोधडी म्हणतच नाहीत, वाकळ म्हणतात. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं, विरलेला भाग आत, धड भाग वर. नायलॉनची साडी आत घालू देत नाहीत, थर सरकतात म्हणून. आधी लांब कच्चे टाके घालून थर बसवायचे, मग चौघींनी चार बाजूंना बसून कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. कुणाचे टाके लांब पडले की मावशी काही बोलत नाहीत, नुसतं तिथे बोट ठेवतात.

तर एक बाई नव्या कापडाचे सारखे चौकोन कापून आणि मध्ये फायबरची शीट घालून गोधडी शिवायला लागल्या. दिसायला देखणी. मावशींनी हात फिरवला. "पांघरायची, का टांगायची?"

मी खुर्चीवाली असले तरी यात मावशींच्या बाजूची. नवं सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं, रंगही सोडतं. जुन्या लुगड्याचं आटणं-विटणं कधीच होऊन गेलेलं असतं.

पण त्या बाईंचंही खोटं नव्हतं. "अहो, दिवाळीला लेक येतेय, जाताना नेणार. विमानाला 23 किलोची बॅग, त्यात तुमची वाकळ घातली तर चकल्या कुठे ठेवू?"

यावर सतरंजीवर बरीच चर्चा झाली, खुर्च्यांनीही न विचारता मतं दिली. ठरलं असं की मावशी दोनच लुगड्यांची हलकी वाकळ घालून देणार आणि बाईंनी ते देखणे चौकोन वर ठिगळांसारखे लावायचे. मात्र आधी चौकोन गरम पाण्यातून काढून वाळवून आणायचे, ही मावशींची अट.