तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीतला प्रोजेक्ट म्हणजे फुकटची राबणूक का?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मुलं गेली की गोव्यात, फोंड्याला भेटणारे पालक मला हमखास विचारतात, "सर, प्रोजेक्ट कंपनीत करायचाय म्हणे. पोरांना फुकट राबवून तर घेणार नाहीत ना?"

काही ठिकाणी घेतात. वेर्णा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतींत अख्खं सत्र एक्सेलचे रकाने भरत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून मी एवढंच विचारायला सांगतो: कंपनीतलं कोण या मुलांसाठी आठवड्याला तासभर काढणार? नाव मिळालं तर खुशाल पाठवा. नुसता सामंजस्य करार दाखवत असतील तर थांबा.

त्या एका तासाचं मोल मला सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात दिसलं. गराची प्रतवारी कॅमेऱ्याने करायची, हा माझ्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट. 'डब्ल्यू ३२०' ही प्रत म्हणजे एका पौंडात साधारण ३०० ते ३२० अख्खे पांढरे गर. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रोग्रॅम झकास चालला. कारखान्यात निवडणाऱ्या एका बाईंनी 'चांगला' ठरलेला गर उचलला, अंगठ्याने उलटा केला आणि खालचा काळा डाग दाखवला. कॅमेऱ्याला वरचीच बाजू दिसत होती!

मग गर आपोआप उलटावा म्हणून मुलांनी उतरती पन्हळ बसवली, तर खाली पडताना गर दुभंगायला लागले. मालक शेजारीच उभे होते. म्हणाले, "पाकळीला अख्ख्याचा भाव कोण देणार?" मुलांनी उतार कमी केला, खाली रबर अंथरलं. यंत्राचा वेग घटला, पण गर शाबूत राहिले आणि मालकांना तेच हवं होतं. वेग आणि गरांची तुटफूट यांचा हा हिशेब मी फळ्यावर कितीही वेळा मांडला असता, तरी मुलांच्या इतका अंगवळणी पडला नसता.

पिलानीच्या बिट्स या इंजिनिअरिंगच्या संस्थेत 'प्रॅक्टिस स्कूल' १९७३ पासून चालू आहे, आणि २००४ मध्ये झुआरीनगरला कॅम्पस झाल्यापासून गोव्यातही. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात काही आठवडे आणि पुढे एक पूर्ण सत्र विद्यार्थी उद्योगात जातात, त्याचे गुणही मिळतात. आपल्या छोट्या कारखान्यांकडे मात्र मार्गदर्शनाला वेगळा माणूस नसतो. तिथे मालक किंवा सुपरवायझरच वेळ काढतो, म्हणून कॉलेजातल्या शिक्षकानेही स्वतः जायला हवं, असं माझं ठाम मत आहे. फोनवरून हे काम होत नाही.

राहता राहिले पैसे. सत्तरीतल्या वाळपईपर्यंतचं बसभाडं, दुपारचं जेवण आणि जमेल तेवढं मानधन मागायला मुलांनी लाजू नये. आणि यंत्राचा आराखडा कोणाच्या मालकीचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर आणावं. पुढे पेटंटची वेळ आली तर तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही.