नकाशात नसलेली गल्ली

अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेलेला माणूस तडा गेलेली घंटा, म्हणजे लिबर्टी बेल, बघून येतो. मीही रांगेत उभी राहून बघितली. पण लेकाला आधीच बजावलं होतं, दुपारी मला दोनेक तास एल्फ्रेथ्स ॲलीत एकटीला सोड. "आई, नुसती एक गल्ली आहे ती," तो म्हणाला. बत्तीस घरांची गल्ली, हे खरंच. पण माझी सगळी नोकरी नगररचना खात्यात लेआउट तपासण्यात गेली. गल्ली दिसली की मला आधी तिचे कागद बघावेसे वाटतात.

आणि हिचे कागद मोठे गमतीचे आहेत. शहराचा संस्थापक विल्यम पेन यानं १६८२ मध्ये थॉमस होम या मोजणीदाराकडून शहर आखून घेतलं. डेलावेअर आणि स्कूलकिल या दोन नद्यांच्या मध्ये सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, मधे बागांचे पाच चौक. लंडनची १६६६ ची आग त्या पिढीच्या डोळ्यांसमोर होती, त्यामुळे प्लॉट मोठाले, घर मधोमध, भोवती झाडं अशी पेनची कल्पना. लोकांनी काय केलं? धंदा सगळा डेलावेअरच्या धक्क्यावर, तर मागे दूर जाऊन बागेत कोण राहणार? नदीकाठचेच प्लॉट कापले, विकले, पुन्हा कापले. १७०२ च्या सुमाराला जॉन गिल्बर्ट आणि आर्थर वेल्स या शेजाऱ्यांनी आपापल्या जमिनीतून वाट सोडली, मागून थेट नदीकडे जायला. तीच ही गल्ली. आपल्याकडे याला गुंठेवारी म्हणतात, आणि मी अशा प्रकरणांवर आयुष्यभर लाल शेरे मारले. इथे लोक फोटो काढायला रांगा लावतात.

देशातली अखंड वस्ती असलेली सर्वांत जुनी निवासी गल्ली म्हणून हिचं नाव घेतात. उभी असलेली घरं मात्र १७२८ ते १८३६ या काळातली. ती एकाच वेळी बांधलेली नाहीत, हे लांबूनच कळतं. जुनी घरं बुटकी, छपरातून बाहेर डोकावणाऱ्या खिडकीची. नंतरची उंच, सपाट चेहऱ्याची, दाराची चौकट जरा नखरेल. सगळी एकमेकांना खेटून, मधली भिंत सामायिक.

मी मात्र विटांपाशीच अडकले. एक वीट लांबीनं, पुढची डोक्यानं, म्हणजे आखूड बाजू बाहेर, मग पुन्हा लांबीनं, अशी प्रत्येक थरात अदलाबदल. डोक्यानं लावलेल्या विटांपैकी काही काळ्याभोर आणि चकचकीत; भट्टीत जाळाच्या अगदी तोंडाशी भाजल्यामुळे त्यांना काचेसारखी झाक येते. लाल भिंतीवर त्यांची आपोआप चौकडी उमटते. कारागिराला वेगळा खर्च नाही आणि भिंतीला मात्र नक्षी. आमच्याकडचे गवंडी बघून खूश झाले असते.

खिडक्यांच्या झडपांतही हिशेब आहे. तळमजल्यावर भरीव फळीच्या, चोरापासून राखायला. वरच्या मजल्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या, हवा खेळायला. एका घराच्या वरच्या खिडकीला तिरके आरसे लटकवलेले दिसले. दारात कोण आलंय ते खाली न उतरता बघायचं. सीसीटीव्हीचे खापरपणजोबा. काही भिंतींवर आगीचा विमा उतरणाऱ्या जुन्या कंपन्यांची चिन्हं ठोकलेली असतात. १७५२ मध्ये सुरू झालेल्या कंपनीचं चिन्ह एकमेकांत गुंफलेल्या चार हातांचं. ती दारात झाड असलेल्या घराचा विमा उतरेना, तेव्हा १७८४ मध्ये दुसरी कंपनी निघाली, आणि तिनं चिन्हच झाडाचं घेतलं! पुणेरी बाणा म्हणतात तो इथेही आहे तर.

गल्लीला नाव जेरमाया एल्फ्रेथचं. धंद्यानं लोहार, पण घरं बांधून भाड्यानं द्यायचा. १२६ नंबरच्या घरात आता संग्रहालय आहे. तिथे अठराव्या शतकात कपडे शिवून पोट भरणाऱ्या दोन बायका राहायच्या. आत शिरल्यावर पहिली आठवण चाळीची आली. जिना इतका अरुंद आणि गोल, की पर्स पोटाशी धरून चढावं लागलं. पलंग वर नेला कसा असेल, हा प्रश्न मला अजून छळतो आहे.

पुढे आजूबाजूला कारखाने आले, घरांत भाडेकरू कोंबले गेले, आणि विसावं शतक उजाडेपर्यंत या घरांची रया गेली. काही पाडायचं घाटत होतं. गल्लीत छोटं हॉटेल चालवणाऱ्या डॉली ऑटी यांनी शेजाऱ्यांना गोळा करून १९३४ मध्ये संस्था काढली, म्हणून ती वाचली. पुढे पन्नाशीच्या दशकात महामार्गाच्या आखणीतूनही ती थोडक्यात सुटली.

लोक अजून राहतात इथे. एका उंबऱ्यावर ॲमेझॉनचं खोकं पडलं होतं, शेजारी बुटांचा चिखल खरवडायची जुनी लोखंडी पट्टी. एक गृहस्थ कचऱ्याचा डबा ओढत बाहेर आले, माझ्या कॅमेऱ्यासमोरून सवयीनं वाकून गेले.

शेवटी नदीकडच्या तोंडाला गेले. धक्क्यावर जायला काढलेली वाट, तेव्हा नदी दिसेल अशी आशा होती. समोर महामार्ग, आणि ट्रकांची घरघर. नदी त्याच्या पलीकडे. तेवढ्यात लेकाचा फोन आला, "झालं का?"

"पाच मिनिटं थांब," म्हटलं, आणि पुन्हा त्या काळ्या विटा मोजायला मागे वळले.